भविष्यकथन आणि ब्रह्मजाल सुत्त

भविष्य सांगण्याचा धंदा कालपरवाचा नाही. भगवान बुद्धांच्या काळी तो किती प्रकारांनी चालत असे, याची यादीच दीघनिकायातील पहिल्या, म्हणजे ब्रह्मजाल सुत्तात दिलेली आहे. ती 'महाशील' या भागात येते. अभ्यासवर्गात आपण हा भाग बहुधा गाळून पुढे जातो. वास्तविक तो सावकाश वाचण्यासारखा आहे.

अंगावरच्या खुणा पाहणे, स्वप्नांचा अर्थ लावणे, उल्कापात, भूकंप व ग्रहणे यांवरून भाकीत करणे, पाऊसपाणी व दुष्काळ वर्तविणे, कावळ्यांवरून शकुन सांगणे, माणूस अजून किती वर्षे जगेल ते सांगणे हे सर्व त्यात आहे. आरशात देवता बोलावून प्रश्न विचारणे आहे, तसेच कुमारिकेच्या अंगात देवता आणून विचारणेही आहे. 'वत्थुविज्जा' म्हणजे आजचे वास्तुशास्त्र! आपल्याकडचे पोपटवाला व पिंगळा तेवढे त्या यादीत नाहीत.

या विद्यांना सुत्तात 'तिरच्छान विज्जा', म्हणजे हीन विद्या, म्हटले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भाकीत खरे ठरते की खोटे, हा वाद सुत्त घालीत नाही. लोकांनी श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन वर अशा विद्यांवर उपजीविका करणे, हा त्याचा आक्षेप आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गातही भिक्खूंनी त्या शिकू नयेत व शिकवू नयेत, असा नियम आहे.

यादीतील 'मूषिकच्छिन्न' हा प्रकार उंदराने कुरतडलेल्या वस्त्रावरून शुभाशुभ सांगण्याचा. मंगल जातकात राजगृहातील एका ब्राह्मणाचे वस्त्र असे कुरतडले जाते. घरावर संकट येईल या भीतीने तो मुलाला ते काठीवर धरून, हात न लावता, स्मशानात टाकायला पाठवितो. भगवान स्मशानाच्या दाराशी थांबतात आणि टाकलेले वस्त्र स्वतः उचलून घेतात.

नक्खत्त जातकातील हकीकत मात्र नुकसानीची आहे. खेड्यातील एका कुटुंबाने श्रावस्तीतील मुलगी ठरविली, दिवसही ठरला. ऐन वेळी त्यांनी आपल्या आजीवक गुरूला नक्षत्र विचारले. आपल्याला आधी विचारले नाही म्हणून तो रागावला आणि आज नक्षत्र अशुभ आहे असे त्याने सांगून टाकले. वऱ्हाड गेलेच नाही. मुलीकडचे ताटकळले, त्यांनी मुलगी दुसऱ्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पोहोचले ते भांडण करून रिकाम्या हाताने परतण्यासाठीच. नक्षत्र अशुभ नव्हतेच, गुरूचा राग तेवढा खरा होता. मुहूर्तासाठी ठरलेले लग्न पुढे ढकलणाऱ्यांनी ही कथा घरात मोठ्याने वाचावी.

बौद्ध देशांतही हे सुटलेले नाही. बर्मा ४ जानेवारी १९४८ रोजी पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी स्वतंत्र झाला. ती वेळ ज्योतिषांनी काढलेली होती.

एक शंका तरुण मंडळी हमखास काढतात : असित ऋषींनी बालक सिद्धार्थाची बत्तीस लक्षणे पाहून भविष्य सांगितले, त्याचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही हा प्रसंग आहे. शंका रास्त आहे, ती झटकून टाकू नये. दीघनिकायातील लक्खण सुत्त या लक्षणांकडे कसे पाहते, ते त्यांना दाखवावे. तेथे लक्षणांमागे ग्रहतारे नाहीत. एकेक लक्षण पूर्वीच्या कोणत्या सदाचरणाचे फळ आहे, हे क्रमाने सांगितलेले आहे.