पोथी वाचताना पडलेले प्रश्न

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

यंदाच्या दत्तजयंती अंकासाठी ‘माझे वाचन’ या विषयावर लिहावे, असा मंडळाचा निरोप आला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पस्तीस वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. साहित्यावर बोलण्याचा माझा अधिकार तो किती! पण लहानपणापासून जे हाती पडेल ते वाचत आलो आणि मार्गशीर्षात घरी गुरुचरित्राचा सप्ताह चुकला नाही. म्हणून मनात बरेच दिवस घोळणारा एक मुद्दा मांडतो. पुस्तक वाचून आपण सहज म्हणतो, हे आवडलं, हे पटलं नाही. पोथीबद्दल तसं म्हणता येतं का? आपल्या मंडळातल्या बऱ्याच ज्येष्ठांना वाटतं, म्हणू नये. मला वाटतं, म्हणावं. आणि तसं म्हणायला पोथीच शिकवते.

आधी थोडं पुस्तकांबद्दल. आमचं घर जुन्या शेव्यात. वडील मिठागरावर कामाला होते. घरात पुस्तक असं एकच, ते म्हणजे लाल कापडात बांधलेली गुरुचरित्राची पोथी. बाकी वाचायचं ते शाळेच्या पेटीतलं, नाहीतर उरणच्या बाजारातून कुणी आणलेला जुना ‘चांदोबा’. ‘चांदोबा’ आला की आधी शोधायचो विक्रम आणि वेताळ. खांद्यावरचा वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो आणि राजानं उत्तर दिलं की मौन मोडतं, प्रेत पुन्हा झाडावर. आम्ही भावंडं राजाचं उत्तर झाकून ठेवायचो आणि आपापलं उत्तर द्यायचो. पुष्कळदा आमचं उत्तर राजापेक्षा वेगळं निघे, आणि मग जी भांडणं होत ती गोष्टीपेक्षा रंगत.

त्याच काळात शाळेत ‘श्यामची आई’ वाचलं. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ मध्ये ते छापून आलं. त्यातही सांगणारा एक आणि रोज रात्री भोवती बसून ऐकणारे सोबती, अशीच मांडणी आहे. शाळेत वाचताना मी रडलो. त्या वयात सगळेच रडतात. पुढे नोकरीत वसुलीच्या टेबलावर बसल्यावर तेच पुस्तक पुन्हा वाचलं तेव्हा ते आईच्या मायेइतकंच कर्जाचंही पुस्तक आहे हे दिसलं. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, बाईमाणसाला नको ते बोलतो, घरातली एकेक वस्तू जाते. थकबाकीदाराच्या घरी नोटीस घेऊन शिपाई पाठवताना मला तो माणूस आठवायचा. पुस्तकातलं अक्षरही बदललेलं नव्हतं. मी मात्र काउंटरच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो होतो.

पोथीचंही तसंच होतं. अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची गोष्ट आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. अमरापूरचा गरीब ब्राह्मण, ज्या दिवशी भिक्षा मिळणार नाही त्या दिवशी दारातल्या वेलाच्या शेंगांवर गुजराण. महाराज भिक्षेला येतात, घेवड्याची भाजी जेवतात आणि जाताना वेल उपटून टाकतात. बायको रडते, नवरा तिची समजूत घालतो. वेलाचं मूळ काढायला खणतो, तो खाली द्रव्यानं भरलेला हंडा.

लहानपणी हा अध्याय ऐकताना मला महाराजांचा राग यायचा. आमच्या परसातही वेल होता. हंडा द्यायचाच होता तर वेल शाबूत ठेवून देता आला नसता का? असं एकदा वडिलांना विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “बाबा, वेल होता तोवर तो खणणार होता का?” तेवढ्यावर मी गप्प झालो.

पण आमच्या भागातल्या माणसाला हा अध्याय त्या उत्तरापाशी थांबवता येत नाही. नवी मुंबई आणि बंदर यांसाठी जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. आमचा वेल उपटला गेला तो असा. हंडा कुणाला लागला, कुणाला नाही. ज्यांना लागला त्यांच्यातल्या काहींचा दोन वर्षांत रिकामाही झाला. खात्यांची पानं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यामुळे आता अठरावा अध्याय वाचताना माझं लक्ष हंड्यापेक्षा त्या रडणाऱ्या बायकोवर जातं. पोथी तिच्यावर रागावलेली नाही असं मला वाटतं. तिचं रडणं सरस्वती गंगाधरांनी नीट लिहून ठेवलं आहे, वगळलेलं नाही.

हे ग्रंथकर्ते कोण, हेही पाहण्यासारखं आहे. सरस्वती गंगाधर हे श्रीनृसिंहसरस्वती स्वामींचे शिष्य सायंदेव यांच्या वंशातले. सोळाव्या शतकात त्यांनी हा ग्रंथ रचला. त्यांची घरची भाषा कन्नड; मराठी आपल्याला येत नाही, असं ते स्वतःच आरंभी सांगतात. तरी सात हजारांवर ओव्या मराठीत लिहिल्या! बँकेत मराठी अर्ज भरताना अडखळणारे कर्नाटकातले कितीतरी खातेदार मी पाहिले आहेत, म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि त्यांनी ग्रंथाची मांडणी कशी केली? नुसतं चरित्र सांगत सुटले नाहीत. एक विचारणारा उभा केला, नामधारक. एक सांगणारा, सिद्धमुनी. पहिल्याच अध्यायात हा नामधारक महाराजांशी चक्क भांडतो. माझ्या पूर्वजांनी तुमची सेवा केली, मग मला का उपेक्षिता, असं जुन्या खात्याचा हवाला दिल्यासारखं हक्कानं विचारतो. पुढे जवळजवळ प्रत्येक अध्याय त्याच्या विचारण्यावर उघडतो. मग काय झालं? असं का झालं? सिद्धमुनी एकदाही ‘गप्प बस’ म्हणत नाहीत, उलट विचारलंस म्हणून त्याला शाबासकी देतात. वेताळाच्या गोष्टीत बोललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. इथे विचारलं की गोष्ट पुढे सरकते. पोथी संशयाला नावं ठेवते हे खरं. पण संशय म्हणजे पाठ फिरवणं. प्रश्न विचारणारा तर समोर बसलेला असतो.

आता थोडं आमच्या पोथीबद्दल. गाव उठल्यावर बरंच सामान नव्या जागी गेलं, पोथीही गेली. शेव्याचे कोळी बांधव ज्या हनुमान कोळीवाड्यात राहायला आले तिथे वाळवीनं किती वर्षं छळलं हे या परिसरात सर्वांना ठाऊक आहे. आमच्याही घरात एका पावसाळ्यानंतर कापड सोडलं तर मधली पानं जाळीसारखी झालेली. नवी पोथी विकत मिळते, पण वडिलांच्या हाताच्या खुणा असलेली टाकवेना. मग मी दोन वेगवेगळ्या छापील प्रती मागून आणल्या आणि गेलेली पानं हातानं उतरवून काढायला बसलो. लेजर उतरवायची सवय, त्यामुळे अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. तेव्हा कळलं की प्रती सारख्या नाहीत. कुठे शब्द वेगळा, कुठे ओवी कमीजास्त. अध्यायांची संख्याही काहींत ५१, काहींत ५२, काहींत ५३.

काहींना हे ऐकून धक्का बसतो. पण ग्रंथ हातानं उतरवत आलेल्या परंपरेत हे होणारच. आणि याबाबतीत आपल्याच संप्रदायाच्या जवळचा केवढा मोठा दाखला आहे पाहा. देवगडचे, म्हणजे देवगिरीचे जनार्दनस्वामी दत्तभक्त. त्यांचे शिष्य एकनाथ महाराज, ज्यांची दत्ताची आरती आपण रोज म्हणतो. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढच्या तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले होते. नाथांनी अनेक प्रती जमवून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली आणि वर ताकीद दिली की यापुढे कुणी स्वतःची ओवी हिच्यात घालू नये. नाथांएवढा ज्ञानेश्वरीचा भक्त कोण? पण ‘ग्रंथ पवित्र आहे, हात लावू नका’ असं ते म्हणाले नाहीत. पवित्र आहे म्हणूनच तपासला. आजच्या भाषेत ज्याला संपादन आणि समीक्षा म्हणतात, ती आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी देव्हाऱ्यासमोर बसून झालेली आहे. ज्यांना आणखी खोलात जायचं असेल त्यांनी डॉ. रा. चिं. ढेरे यांचा ‘दत्त संप्रदायाचा इतिहास’ अवश्य वाचावा. सावकाश वाचण्याचं पुस्तक आहे.

पारायणाच्या वाटणीकडेही मी हिशेबी डोळ्यानं पाहिलं. प्रचलित सात दिवसांची वाटणी म्हणजे रोज ९, २१, २९, ३५, ३८, ४३ आणि ५२ या अध्यायांपर्यंत. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी फक्त तीन! कारण ३६ आणि ३७ हे आचारधर्माचे अध्याय फार लांब आहेत. खरं सांगायचं तर पाचवा दिवस मला जड जातो. उठावं कसं, बसावं कसं, जेवावं कसं, याची ती यादी त्या काळच्या घरांसाठी होती. तिच्यात मन रमत नाही. वाचतो, एक ओवीही गाळत नाही, पण आवडत नाही. असं म्हटल्यानं माझं पारायण उणं झालं असं मला वाटत नाही.

याउलट ४७ वा अध्याय. गाणगापूरचा शेतकरी रोज महाराजांना शेतातून धावत येऊन नमस्कार करी. महाराज म्हणाले, उभं पीक कापून टाक. कोवळी ज्वारी! त्यानं कापली. बायकामुलांनी आकांत केला. पुढे अवकाळी पावसानं सगळ्यांची शेती गेली आणि त्याच्या कापल्या धाटांना फुटवे येऊन कित्येक पट पिकलं. प्रवचनात याचा अर्थ गुरुवाक्यावरचा विश्वास असा सांगतात, तो बरोबरच आहे. पण मी पीककर्जाची कागदपत्रं आयुष्यभर पाहिली आहेत, म्हणून माझी नजर दुसरीकडे जाते. कापण्यापूर्वी तो आधी अधिकाऱ्याकडे गेला आणि मागच्या वर्षी जे धान्य दिलं त्याच्या दुप्पट देण्याचं कबूल करून आला. म्हणजे जोखीम घेतली ती स्वतःच्या वाट्याची. दुसऱ्याचं देणं आधी बांधून दिलं. माझ्या श्रद्धेचा भार दुसऱ्याच्या हिश्शावर नको, हे त्या न शिकलेल्या माणसाला कळलं होतं. देवाच्या नावावर उधाऱ्या करून ठेवणाऱ्यांना हा अध्याय मुद्दाम वाचायला द्यावा.

आता जरा नाजूक विषय. स्त्रियांनी गुरुचरित्र वाचू नये, ऐकावं, असा पुष्कळ ठिकाणी प्रघात आहे. आमच्या घरीही मी वाचतो आणि सौ. ऐकते. तिचं वाचन माझ्यापेक्षा दांडगं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तिनं तीनदा वाचली आहेत. धर्म बदललेल्या नवऱ्यामागे झालेली स्वतःची फरफट ही बाई हसत हसत कशी लिहू शकली, याचं तिला प्रत्येक वेळी नवल वाटतं. तर प्रघाताचा वाद इथे नको. पण एक लक्षात घ्या, नामधारक हा ऐकणाराच आहे. ऐकणाऱ्याला विचारण्याचा अधिकार पोथीनं पहिल्या अध्यायापासून दिलेला आहे. मागच्या सप्ताहात एका लहान मुलीनं देवळात मध्येच काही विचारलं तर तिला ‘श्श’ करून बसवलं गेलं. ती दुसऱ्या दिवशी आली नाही. आपल्या सप्ताहाला साठीच्या आतलं माणूस शोधावं लागतं, ते उगाच नाही.

म्हणून यंदा मंडळापुढे मी सुचवलं आहे की रोजच्या वाचनानंतर, आरतीपूर्वी, दहा मिनिटं विचारण्यासाठी ठेवावीत. उत्तर येणाऱ्यानं द्यावं, न येणाऱ्यानं येत नाही म्हणावं. मंडळी अजून विचार करताहेत.

सौ.चा प्रश्न मात्र तयार आहे. तीस ते बत्तीस या अध्यायांत माहूरची सावित्री येते. आजारी नवऱ्याला घेऊन ती माहूरपासून गाणगापूरपर्यंत येते आणि गावात पोचता पोचता तो जातो. एक संन्यासी येऊन तिला स्त्रीधर्म सांगतो, पतिव्रतेचे आणि विधवेचे नियम, दोन अध्याय भरून. ती सती जायला निघते. जाताना महाराजांना नमस्कार करते, महाराज सौभाग्याचा आशीर्वाद देतात आणि नवरा उठून बसतो. तो संन्यासी म्हणजे स्वतः महाराजच होते, हे पुढे कळतं.

ही गोष्ट ऐकून सौ. म्हणाली, “नियम सांगणारे तेच आणि उठवणारेही तेच. एवढी माहूरहून चालत आलेली ती. मग उठवायचंच होतं तर आधी तिला ते सगळं का ऐकवलं?”

मी सिद्धमुनी नाही. चौथ्या दिवशी, पस्तिसावा अध्याय संपला की, ती हे देवळात विचारणार आहे. ज्यांना उत्तर सुचेल त्यांनी जरूर यावं.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥