सर्किटमधील शेजारी

जिंतूर, जि. परभणी

चि. बाळ यास,

गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर तुझे शिक्षण रीतसर सुरू झाले आणि एकट्याने उड्डाण करण्याचा दिवस जवळ आला, हे वर्तमान तुझ्या आईकडून कळले. प्रवासी विमान उतरताना पाहावयाचे तर ज्या जिल्ह्यातील लोकांना नांदेड गाठावे लागते, तेथला मुलगा वैमानिक होणार म्हणून घरात कौतुकाला खंड नाही. तेव्हा मुंबईच्या टॉवरमध्ये ज्याची सारी उमेद खर्ची पडली त्या तुझ्या मामाने त्यात भर न घालता कामाचे चार शब्द लिहावेत, हे बरे.

विमान तोलून कसे धरावे हे प्रशिक्षक शिकवतीलच. मला सांगावयाचे आहे ते इतरांच्या विमानांविषयी. पूर्णा जंक्शनवर एका गाडीपासून दुसरीला दूर ठेवण्याचा बंदोबस्त रूळ आणि सिग्नल करतात. सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्यापूर्वी धावपट्टीभोवती घ्यावयाच्या फेरीत, तसे काही नसल्यामुळे, धावपट्टीला समांतर डाऊनविंडवर दोघे, तिच्याकडे वळणाऱ्या बेसवर एक आणि तिच्या समोर फायनलवर एक अशी दाटी झाली म्हणजे त्या सर्वांचा नकाशा प्रत्येक वैमानिकाला स्वतःच्या मस्तकात मांडावा लागतो. हा नकाशा आधी कानाने काढावयाचा असतो. टॉवरने दुसऱ्यास दिलेला हुकूम तुझ्याही नावे आहे असे समजून ऐक, ते विमान कोठे दिसावयास हवे हे ठरव, आणि मगच नजर तिकडे ने. दिसले नाही तर 'दिसले' म्हणू नकोस, आणि दिसलेले हरवले तर ते तत्काळ कळव. 1978 साली अमेरिकेत सॅन डिएगोला उतरणाऱ्या एका बोइंगच्या वैमानिकांना पुढचे छोटे सेस्ना दिसेनासे झाले होते. टॉवरला त्यांनी ते स्पष्ट सांगितले नाही, आणि बोइंग त्याच सेस्नावर जाऊन आदळले.

आपल्याकडची हकीकत याहून दारुण आहे. 12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात, दिल्लीहून निघालेले सौदी बोइंग आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्यूशिन यांची टक्कर होऊन 349 माणसे गेली. बोइंग 14 हजार फुटांवर होते, इल्यूशिनला 15 हजारांपर्यंतच उतरण्याची परवानगी होती, आणि समोरून कोण, किती मैलांवर, कोणत्या उंचीवर येत आहे हेही नियंत्रकाने त्याच्या वैमानिकांस कळविले होते. तरी ते खाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत दोष त्यांच्याच पदरी आला. त्या विमानात रेडिओवर बोलणारा इसम वेगळा आणि विमान हाकणारे वेगळे होते. ऐकलेली वार्ता हातापर्यंत पोहोचली नाही. तुझ्या विमानात ही दोन्ही माणसे तूच आहेस, हे लक्षात असू दे.

नजरेविषयीही एक गोष्ट सांगून ठेवतो. काचेवर जे विमान सरकताना दिसते त्याचे भय थोडे. जे एकाच जागी खिळल्यासारखे राहून हळूहळू मोठे होते, ते तुझ्याच वाटेवर येत असते, आणि डोळा हलत्या वस्तूकडे ओढला जात असल्यामुळे नेमके तेच सुटते. तुझ्या डायमंड विमानाचे पंख खालच्या अंगास आहेत. त्यांच्याआड खालचे विमान सहज दडते. म्हणून बेसवरून फायनलला वळण्यापूर्वी धावपट्टीकडे मोहाने पाहत राहू नकोस. उलट बाजूस, दुरून सरळ येणारा कोणी आहे काय, ते आधी पाहा.

टक्कर टाळणारी यंत्रे आता मोठ्या विमानांवर सक्तीची आहेत, आणि ते योग्यच झाले. परंतु सर्किटमध्ये मान खाली घालून पडद्याकडे पाहत बसणाऱ्या विद्यार्थ्याची मला अजूनही धास्ती वाटते.

पुढच्या पत्रात जेवणाखाणाची तक्रार खुशाल लिही, पण त्याआधी शेवटच्या उड्डाणात तू डाऊनविंडवर असताना बाकीची विमाने कोठे कोठे होती, ते कागदावर काढून मला पाठव.

तुझा,
मामा