टोकदार कमानीचें मंदिर

मानखुर्दहून हार्बर मार्गानें मुंबईस जाणारा मनुष्य गोवंडी, चेंबूर व टिळकनगर ओलांडून कुर्ल्यास पोहोंचतो. ह्याच कुर्ल्याच्या खाणींतील पिवळसर दगड मुंबईंतील अनेक जुन्या गॉथिक इमारतींस लागला आहे. ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर गाडीचा प्रवास संपतो, त्या इमारतीचें काम १८७८ सालीं ह्याच धर्तीवर सुरू झालें. परंतु ही धर्ती मुळांत स्थानकासाठीं नव्हे, तर उपासनामंदिरासाठीं निघाली. ती कशी, हें आज पाहूं.

बाराव्या शतकापूर्वीं युरोपांतील मोठीं मंदिरें अर्धगोल कमानींचीं असत. दगडी कमान केवळ खालीं दाब देत नाहीं. ती आपले दोन्ही पाय बाहेर रेटिते. तो रेटा सोसण्यासाठीं भिंती फार जाड कराव्या लागत, आणि जाड भिंतींत मोठ्या खिडक्या ठेवितां येत नसत. म्हणून आंत अंधार असे. पॅरिस शहराजवळील सां-दनी मठाचा अधिपति सुजेर ह्यानें आपल्या मंदिराचा वेदीकडील भाग नव्यानें बांधविला. त्याचें समर्पण ११४४ सालीं झालें, आणि तेथूनच गॉथिक पद्धतीचा आरंभ धरितात. ‘गॉथिक’ हें नांव मात्र मागाहून, सोळाव्या शतकांत, इटलींतील विद्वानांनीं तुच्छतेनें दिलें. गॉथ नांवाच्या रानटी टोळ्यांचें हें काम, असा त्यांचा टोमणा होता.

ह्या पद्धतीचीं मुख्य अंगें तीन होत.

पहिलें, टोकदार कमान. ती भार अधिक सरळ खालीं उतरविते. म्हणून तिचा बाहेरचा रेटा कमी असतो. ही कमान मुसलमानी देशांत पूर्वींच प्रचारांत होती. आपल्याकडे विजापूरच्या इमारतींतही ती दिसते.

दुसरें, फांसळ्यांचें छत. छत्रीच्या काड्यांप्रमाणें दगडी फांसळ्या छताखालून जातात आणि भार ठराविक खांबांवर आणून सोडितात.

तिसरें, बाहेरचे धिरे. गांवांत कललेल्या भिंतीस आपण बाहेरून वासा टेकितों. त्याचप्रमाणें दगडी अर्धकमान बाहेरून टेकू देऊन छताचा रेटा झेलिते.

अशा रीतीनें भिंतीवरचें ओझें गेलें, आणि तिच्या जागीं मोठ्या खिडक्या आल्या. शिशाच्या पट्ट्यांत रंगीत कांचा बसवून त्यांवर शास्त्रांतील प्रसंग रेखिले जात; ज्यांस अक्षरओळख नव्हती तेही तीं चित्रें पाहत. ११९४ च्या आगीनंतर शार्त्र येथें पुन्हां बांधिलेल्या मंदिराच्या अशा पुष्कळ कांचा आजही शाबूत आहेत. २०१९ सालीं पॅरिसचें नोत्र-दाम मंदिर पेटून लांकडी छप्पर जळालें, तेव्हां त्याखालचें फांसळ्यांचें दगडी छत कांहीं ठिकाणीं कोसळलें, परंतु बहुतेक टिकलें. डिसेंबर २०२४ मध्यें तें मंदिर पुन्हां उघडलें.

तथापि उंचीचा मोह बरा नव्हे. फ्रान्सांतील बोव्हे गांवच्या लोकांनीं सुमारें १५७ फूट उंचीचें छत उभारिलें. १२८४ सालीं त्याचा मोठा भाग कोसळला. पुढें १५७३ सालीं उंच मनोराही पडला. तें मंदिर आजतागायत अपुरेंच आहे.

आपल्या मुंबईंत ही पद्धत पाहावयाची तर कुलाब्याचें संत योहानाचें मंदिर, म्हणजे ‘अफगाण चर्च’, पाहावें. १८४७ सालीं त्याची कोनशिला बसली, १८५८ सालीं समर्पण झालें, व सुमारें १९८ फूट उंचीचा मनोरा १८६५ सालीं पुरा झाला. विहार तलावाची योजना करणारे हेन्री कॉनिबेअर हेच त्याचे शिल्पकार. १८३८ ते १८४३ ह्या काळांतील सिंध व अफगाणिस्तान येथील मोहिमांत पडलेल्यांचें हें स्मारक आहे. तेथें अधिकाऱ्यांचीं नांवें भिंतीवर कोरिलेलीं आहेत. साधे शिपाई मात्र इतके मेले कीं त्यांचीं नांवें लिहितां आलीं नाहींत, असें तेथील लेखच सांगतो. ज्या पाथरवटांनीं ते दगड घडविले, त्यांचीं नांवें तर बहुधा कोणींच विचारिलीं नसतील.

ह्यावरून खेड्यांतील मंडळ्यांनीं काय घ्यावें? कर्ज काढून मनोरा बांधण्याची घाई करूं नये. ज्या मंदिरांत पाऊस गळत नाहीं, मागच्या ओळींतील म्हातारीस वचन स्पष्ट ऐकूं येतें, आणि वाचावयास पुरेसा उजेड असतो, तें मंदिर मंगलोरी कौलांचें असलें तरी त्यानें आपलें काम केलें. गॉथिक कारागिरांचें खरें कौशल्य शिखरांत नव्हे, तर भार कोणावर कसा पडतो हें ओळखण्यांत होतें. मंडळींतही एकाच गरीब खांबावर सर्व ओझें पडत असेल, तर त्यास धिरा दिला पाहिजे. आणि ज्यांचीं नांवें भिंतीवर मावत नाहींत, त्यांचीं वहींत तरी लिहून ठेविलीं पाहिजेत.

अभ्यासाचे प्रश्न: १. जाड भिंतींची गरज कशामुळें उरली नाहीं? २. बोव्हेच्या मंदिरापासून कोणता बोध घ्यावा? ३. आपल्या मंदिराच्या बांधणीस ज्यांचे हात लागले, त्यांपैकीं किती जणांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत?