फ्रेंच नावांचे मूळ

दिल्लीच्या चांदणी चौकातील भागीरथ पॅलेस ही मूळची सरधन्याच्या बेगम समरू यांची हवेली. १७८१ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना ‘जोआना’ हे नाव मिळाले. फ्रेंच भाषेत हेच नाव ‘झान’ होते. मुलगा असल्यास ‘झाँ’. मूळ इब्री ‘योहानान’, अर्थात परमेश्वर कृपाळू आहे. लूक ८:३ मधील योहान्ना हिचेही नाव हेच.

‘झाक’ म्हणजे आपला याकोब, ‘मारी’ म्हणजे मरीया. ‘लुई’ मात्र प्राचीन जर्मन योद्ध्यांचे नाव. पवित्र शास्त्रात ते नाही. तेव्हा परकीय उच्चार ऐकून नाव ख्रिस्ती ठरवू नये. ‘द्युदोने’ म्हणजे देवाने दिलेला. आमचा देवदत्त याहून निराळे काय सांगतो? नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. नाव नारायणच राहिले.