तिकीटखिडकीवरील आकड्यांचे वाचन

हैदराबाद येथील सालारजंग संग्रहालयात संगीत घड्याळाचे टोले पडण्याची वेळ जवळ आली, की निरनिराळ्या दालनांतील प्रेक्षक त्या घड्याळासमोर गोळा होतात. दुपारी बाराच्या टोल्यांना तर विशेष दाटी होते. टोले संपताच गर्दी पांगते. दिवसभरात एकूण किती प्रेक्षक आले, एवढ्याच आकड्यावरून ही भरती-ओहोटी कळणार नाही. प्रत्येक प्रेक्षणीय स्थळाच्या गर्दीच्या अशा ठराविक वेळा असतात. त्या ओळखणे हे व्यवस्थापनाचे पहिले काम होय.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखादा किल्ला आठ तास खुला असून तेथे १,२०० प्रेक्षक येतात. ताशी सरासरी १५० पडते. एका तिकिटास अर्धा मिनिट लागत असेल, तर एका खिडकीतून तासाला १२० व दोन खिडक्यांतून २४० तिकिटे देता येतात. कागदावर ही व्यवस्था पुरेशी दिसते. परंतु अकरा ते बारा या एका तासात ३६० प्रेक्षक आले, तर बारा वाजता १२० जण रांगेत उरतात आणि शेवटच्या माणसास अर्धा तास तिष्ठत राहावे लागते.

रांग पाहून परत फिरलेल्या कुटुंबाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. त्यामुळे बुडालेले उत्पन्न दिसतच नाही. मात्र संगणकातील तासवार विक्री बारकाईने वाचल्यास त्याची खूण सापडते. विक्री लागोपाठ दोन-तीन तास २४० च्या आसपासच अडत असेल, तर तो आकडा बहुधा येणाऱ्यांचा नसून खिडक्यांच्या क्षमतेचा आहे, असे समजावे. अशा वेळी दर पंधरा मिनिटांनी रांगेतील माणसे मोजून नोंदवावीत.

यावर दर वेळी नवीन नेमणूक हाच उपाय नव्हे. वर्दळ कमी असलेल्या वेळेतील एक कर्मचारी अकरा वाजता तिसऱ्या खिडकीवर बसविल्यास तासाला ३६० तिकिटे देता येतील. त्याच्या जेवणाची व विश्रांतीची वेळ मात्र आधी निश्चित करावी. कर्मचाऱ्यास अधिक राबविणे हा या अभ्यासाचा हेतू नाही. स्पेनमधील अलहंब्रा येथे नासरी राजवाड्यांच्या तिकिटावर प्रवेशाची वेळच नमूद केलेली असते. गर्दी विभागण्याचा तोही एक मार्ग आहे.

तुलना करताना तारखेवर विसंबू नये. लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला, तर २०२३ साली १२ नोव्हेंबरला होते. म्हणून दिवाळीची तुलना दिवाळीशी आणि रविवारची रविवारशीच करावी.

आकडे गर्दी केव्हा झाली हे सांगतात. ती का झाली हे पुष्कळदा दारावरील पहारेकरीच सांगू शकतो. तासवार नोंदवहीत त्याच्या शेऱ्यासाठी एक रकाना अवश्य राखावा. महिनाभर अशी नोंद ठेवल्यानंतरच कर्मचाऱ्यांच्या पाळ्या ठरविणे इष्ट होईल.