बंद घरावरील बोली : लिलावापूर्वीची दक्षता

कर्ज थकले की तारण घर बँक ताब्यात घेते आणि त्याच्या लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रात प्रसिद्ध होते. शहापूर-मुरबाडसारख्या भागात अशा घराची राखीव किंमत आटोक्यातली दिसते. दाराला मात्र कुलूप असते. आयुष्यभराची पुंजी अशा घरात गुंतविण्यापूर्वी कायद्याची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

ताबा कोणता?

सरफेसी अधिनियम, 2002 अन्वये बँक कर्जदारास 60 दिवसांची नोटीस देते व त्यानंतर ताबा घेते. हा ताबा ‘सांकेतिक’ की ‘प्रत्यक्ष’, हे जाहिरातीत प्रथम पाहावे. सांकेतिक असल्यास घरात कर्जदार वा भाडेकरू राहत असू शकतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हादंडाधिकाऱ्यांचे साहाय्य घ्यावे लागू शकते व त्यात काळ जातो. कर्जदारासही 45 दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. असा अर्ज प्रलंबित आहे काय, हे बँकेला लेखी विचारावे.

पैशाचे वेळापत्रक

समजा, 12 लाखांची बोली मान्य झाली. इसाऱ्यासह एकचतुर्थांश, म्हणजे 3 लाख रुपये, त्याच दिवशी किंवा फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी भरावे लागतात. उरलेले 9 लाख विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत भरावयाचे असतात. मुदतवाढ लेखी संमतीनेच व एकूण तीन महिन्यांपर्यंतच मिळते. रक्कम न भरल्यास अनामत जप्त होते. संपूर्ण जप्ती सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये वैध ठरविली आहे. म्हणून स्वतःच्या कर्जाची सोय बोलीपूर्वीच करावी.

दप्तर बोलते

सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश व ग्रामपंचायतीचा नमुना 8 पडताळावा. शेतजमिनीवरील तारणास हा अधिनियम लागू नाही. शिवाय बिगरशेतकऱ्यास शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेने कडक निर्बंध घातले आहेत. घरपट्टी व विजेची थकबाकीही पाहावी. नवी वीजजोडणी देताना जुनी बाकी मागितली जाऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा निर्णय आहे.

बाहेरून पाहणी

विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर होते. आतील दोषांची भरपाई मागणे अवघड असते. म्हणून पाहणीची तारीख बँकेकडून मागून घ्यावी. ती न मिळाल्यास गवंड्यास घेऊन घराभोवती फिरावे. जोत्याच्या भेगा, भिंतीवरील ओल, घसरलेली कौले व चौकटीवरील वाळवी बाहेरूनही दिसते. न दिसलेल्या छप्पर, वायरिंग व नळकामाचा खर्च पूर्ण धरावा. चांगल्या घराच्या स्थानिक किमतीतून तो व थकबाकी वजा करावी आणि उरेल त्याच्या आतच बोली थांबवावी.

गावात अशी जाहिरात आली की लोक प्रथम गुरुजींना वा सरपंचांना विचारतात. त्यांनी सातबारा व ताब्याची अट एवढे दोन कागद आधी पाहण्यास सांगितले, तरी एखाद्या कुटुंबाची अनामत वाचेल.