घराची जमीन : शहाबादी फरशी आणि विनाइलच्या पट्ट्या

काचीगुडा व त्याच्या आसपासच्या जुन्या मराठी घरांत पायाला पहिला स्पर्श होतो तो बहुधा शहाबादी फरशीचा. त्यास भौगोलिक कारण आहे. वाडी ते सिकंदराबाद हा निजाम संस्थानचा लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला. शहाबाद वाडीच्या जवळ आहे आणि तांदूर तर याच मार्गावर आहे. काचीगुड्याचे देखणे स्थानक १९१६ साली उभे राहिले, त्याआधीच या दगडाला शहराची वाट मोकळी झाली होती.

आता अशा घरांची दुरुस्ती निघाली की जुनी फरशी झाकून वर विनाइलच्या पट्ट्या बसवाव्यात काय, असा प्रश्न पुढे येतो. पट्ट्या चार ते सहा मिलिमीटर जाडीच्या असतात, खाचेत खाच अडकवून एक-दोन दिवसांत बसतात आणि घर उकरावे लागत नाही. हा मोह समजण्यासारखा आहे.

प्रथम या वस्तूचे स्वरूप पाहू. मृदू केलेले पीव्हीसी वॉल्डो सेमन यांनी अमेरिकेत १९२६ साली तयार केले. आजच्या पट्टीत खाली गाभा, त्यावर लाकडाच्या रेषांचे छापील पटल आणि सर्वांत वर पारदर्शक संरक्षक थर असतो. कठीण जातीच्या पट्टीच्या गाभ्यात चुनखडकाची भुकटी मिसळलेली असते. म्हणजे ही नवी पट्टी शहाबादी फरशीची दूरची नातलगच म्हणावयाची. पट्टीचे आयुष्य एकूण जाडीपेक्षा संरक्षक थरावर अवलंबून असते. निजावयाच्या खोलीस ०.३ मिलिमीटर पुरेल; वर्दळीच्या बैठकीस ०.५ मिलिमीटर असावा. गिऱ्हाईक नेमके हेच विचारावयास विसरते.

दगडाचे दोषही लपविण्याजोगे नाहीत. शहाबादी, तांदूर व कडप्पा हे चुनखडक असल्याने लिंबू, चिंच व संडास धुण्याचे आम्ल यांनी त्यांची झळाळी जाते. परंतु फरशी झिजली तर यंत्राने घासून पुन्हा पॉलिश करता येते, मोझाइकचेही तसेच. विनाइलचा वरचा थर एकदा फाटला की पट्टीच बदलावी लागते. व्हिट्रिफाइड फरशी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते व डागही धरत नाही, मात्र गुळगुळीत जातीची ओली असता घसरते. घरात वृद्ध माणसे असतील तर हा विचार आधी करावा. या बाबतीत विनाइल पायाला मऊ आणि सहसा कमी निसरडे असते. पेटत्या उदबत्तीचे टोक मात्र त्यावर कायमचा डाग उमटविते, आणि वैशाखात दगडासारखा गारवा ते देत नाही.

खरा प्रश्न मात्र वरच्या आवरणाचा नसून त्याखालच्या ओलीचा आहे. जुन्या घरांच्या जोत्याखाली ओल अडविणारा थर बहुधा नसतो. दगडाच्या सांध्यांतून ही ओल हळूहळू बाहेर पडते. विनाइल तिची वाट बंद करते. मग खाली बुरशी धरते, दुर्गंधी येते, आणि ओल भिंतींकडे वळते. शिवाय आपल्याकडे जमीन बादलीभर पाणी ओतून धुण्याची रीत आहे. पट्टी स्वतः भिजत नसली तरी पाणी सांध्यांतून व कडेच्या फटीतून खाली उतरते. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेतील अनेक वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी दगड धुऊन काढता येतो. पट्ट्या मात्र उचलून खालची जमीन वाळवावी लागते.

परीक्षा सोपी आहे. दीड फूट लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद फरशीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व दुसऱ्या दिवशी उचलून पाहावे. आतून पाण्याचे थेंब जमले किंवा फरशी काळवंडली, तर तेथे विनाइल बसवू नये. ही परीक्षा पावसाळ्यात केलेली बरी; उन्हाळ्यातील कोरडेपणा फसवा असतो. जमीन कोरडी निघाली तरी सरळ पट्टी व पाणसळ लावून उंचसखलपणा पाहावा. दोन मीटरांत तीन मिलिमीटरांहून अधिक फरक असल्यास आधी समतल करून घ्यावे, अन्यथा खाचा तुटतात. भिंतीलगत सहा ते दहा मिलिमीटर फट सोडावी, कारण उन्हाने पट्ट्या प्रसरण पावतात.

वरच्या मजल्यावरील कोरड्या, सपाट खोलीस विनाइल खुशाल वापरावे. तळमजल्यावर जुनी फरशी शाबूत असेल तर सांधे नव्याने भरून ती पॉलिश करून घेणे, हाच आमच्या मते अधिक योग्य खर्च होय.